पगारी पाहुणे : इंग्लिश क्रिकेट, परदेशी खेळाडू आणि आपली माणसे

उन्हाळा लागला की दौंड-शिरूर पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक झळकू लागतात. केडगाव, पाटस, यवत, न्हावरे, गाव कोणतेही असो, बक्षिसाच्या रकमेखाली एक नियम हमखास असतो : ‘एक गाव एक संघ’, नाहीतर बाहेरचे अमुक इतकेच खेळाडू. या नियमावरून मैदानावर होणारी हुज्जत सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरून नावाजलेला फलंदाज आणला की गर्दी जमते आणि संघ अंतिम फेरीत जातो. पण वर्षभर सराव करणारे गावातले पोर राखीव म्हणून बसून राहते.

इंग्लंडच्या खेळविश्वात हीच हुज्जत जवळपास शंभर वर्षे चालू आहे, आणि ती एकट्या क्रिकेटपुरती नाही. स्पीडवे म्हणजे ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींची मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरची शर्यत. हा खेळ ब्रिटनमध्ये रुजला तो 19 फेब्रुवारी 1928 रोजी हाय बीच येथे झालेल्या शर्यतीनंतर, आणि त्याला सुरुवातीचे तारे पुरवले ऑस्ट्रेलियाने. 1936 चा पहिला विश्वविजेता लायोनेल व्हॅन प्राग ऑस्ट्रेलियन होता. 1937 मध्ये पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकनांनी पटकावले. सहा वेळा जग जिंकणारा न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाकडून धावला. परक्यांनी खेळ उभा केला, मग त्यांची संख्या आवरायची कशी, हा पेच तिथेही आला.

स्पीडवेत आपली माणसे नव्हती. क्रिकेटमध्ये मात्र सांगली, सोलापूर, कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि नगर जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या ‘परदेशी खेळाडू’ म्हणून इंग्लंडला गेली. या प्रश्नाचा आजवरचा प्रवास, त्यातल्या प्रमुख भूमिका आणि न सुटलेले मुद्दे यांचा हा आढावा.

गिरण्यांच्या गावातला ‘प्रो’

भारतीय खेळाडू इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन वाटांनी शिरले. पहिली वाट राजघराण्यांची. रणजितसिंहजी आणि नंतर दुलीपसिंहजी ससेक्सकडून खेळले ते हौशी खेळाडू म्हणून, पगार न घेता. इंग्लिश क्रिकेटने ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ हा भेद 1962 पर्यंत अधिकृतपणे पाळला. संस्थानिकाला पहिल्या पंक्तीत जागा मिळाली, पण खेळावर पोट भरू पाहणाऱ्या भारतीयाला बराच काळ तिथे थारा नव्हता. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखता राखता डावखुरा फिरकी गोलंदाज झालेले बाळू पालवणकर 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले आणि त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. इंग्लिश खेळपट्ट्यांवर उत्तम व्यावसायिक ठरेल अशी ही कामगिरी होती. पण मायदेशी जातीमुळे पंक्तीबाहेर बसवला जाणारा हा माणूस परदेशात व्यावसायिक म्हणून उभा राहील, अशी कोणतीही व्यवस्था तेव्हा नव्हती.

दुसरी वाट लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या गावांतून गेली. 1892 पासूनच्या लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक क्लब एक पगारी खेळाडू ठेवी. तोच ‘प्रो’. बाकीचे दहा जण गिरणीतले, दुकानातले, शाळेतले. सामना शनिवारी दुपारी. प्रोने अर्धशतक ठोकले की सीमारेषेभोवती डबा फिरे, प्रेक्षक त्यात चिल्लर टाकत आणि ती रक्कम त्याला मिळे. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी गावातल्या मुलांना नेटमध्ये शिकवणे हाही त्याच्या कराराचाच भाग. एका माणसावर फलंदाजी, गोलंदाजी, शिकवणी आणि गल्ला असा चौपदरी भार असे.

या व्यवस्थेला तेज चढवले वेस्ट इंडिजच्या लिअरी कॉन्स्टंटाइनने. 1929 ते 1937 असे नऊ मोसम तो नेल्सनचा प्रो होता आणि त्या काळात नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. त्याच्यामागून नेल्सनला लाला अमरनाथ आले. कोल्नला अमरसिंग खेळून गेले होते. महायुद्धानंतर तर भारतीयांची रीघ लागली. सांगलीचे विजय हजारे रॉटेनस्टॉलला, सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर चर्चला, मुंबईचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते रिश्टनला, विनू मंकड हॅसलिंग्डनला. कोल्हापूरचे दत्तू फडकर आणि पुण्याचे चंदू बोर्डे यांनीही लँकेशायरची मैदाने गाजवली.

हे जमण्यामागे ऋतूंचा साधा हिशेब होता. एप्रिल ते सप्टेंबर हा इंग्लंडचा मोसम. त्यातले जूननंतरचे महिने आपल्याकडे पावसाचे, मैदानावर पाऊल टाकायची सोय नसलेले. शिवाय कसोटी खेळून घर चालत नसे. बँकेत, रेल्वेत किंवा गिरणीत नोकरी करणाऱ्या कसोटीपटूसाठी लीगचा करार ही वर्षातली सर्वांत भरवशाची कमाई असे.

1952 चा पेच

देश आणि करार यांची पहिली मोठी टक्कर 1952 मध्ये झाली. त्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता आणि मंकड यांच्या हातात हॅसलिंग्डनचा करार होता. संघातल्या जागेची हमी द्या, करार सोडतो, अशी त्यांची भूमिका. भारतीय क्रिकेट मंडळाने हमी दिली नाही. कर्णधार हजारे यांचा संघ मंकडविना लीड्सला उतरला आणि फ्रेड ट्रूमनच्या पहिल्याच कसोटीत दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद अशी त्याची गत झाली.

त्यानंतर हॅसलिंग्डनशी बोलणी करून मंकड यांना सोडवून आणण्यात आले. लॉर्ड्सवर त्यांनी 72 आणि 184 धावा काढल्या आणि पहिल्या डावात 73 षटके टाकून पाच बळी घेतले. भारत ती कसोटी आठ गड्यांनी हरला, तरी ‘मंकडची कसोटी’ हे तिचे नाव कायम राहिले. मंडळाच्या बाजूने युक्तिवाद असा होता की एखाद्या खेळाडूला आगाऊ हमी दिली तर निवडीला अर्थ उरत नाही. खेळाडूच्या बाजूचा युक्तिवाद असा की मंडळ वर्षभराचे पोट भरणार नसेल, तर हातची भाकरी सोडताना त्याने हमी मागितली यात गैर काय? दोन्ही युक्तिवाद आजही थोड्या फरकाने ऐकू येतात.

1968 : काउंटीचे दार

लीग ही गावपातळीची स्पर्धा. काउंटी ही प्रथम श्रेणीची. काउंटीत परदेशी खेळाडूला आधी निवासाची अट पुरी करावी लागे. 1968 पासून प्रत्येक काउंटीला एक परदेशी खेळाडू थेट नोंदवता येऊ लागला. प्रेक्षक रोडावलेल्या काउंट्यांना गर्दी हवी होती. नॉटिंगहॅमशायरने गॅरी सोबर्सला आणले आणि त्याच वर्षी त्याने स्वान्सीला एका षटकात सहा षटकार मारले. योजनेची याहून मोठी जाहिरात झाली नसती.

त्याच वर्षी मुंबईचे फारुख इंजिनिअर लँकेशायरमध्ये दाखल झाले आणि 1976 पर्यंत राहिले. या काळात लँकेशायरने 1969 आणि 1970 ची संडे लीग आणि 1970 ते 1972 असा सलग तीनदा जिलेट कप जिंकला. बिशनसिंग बेदी नॉर्दम्प्टनशायरला, वेंकटराघवन डर्बीशायरला गेले. 1980 मध्ये वेस्ट इंडिजचा संघ दौऱ्यावर असल्याने सॉमरसेटला व्हिव्ह रिचर्ड्सची जागा भरायची होती. ती सुनील गावसकरांनी भरली. रवी शास्त्री 1987 ते 1991 या काळात ग्लॅमॉर्गनकडून खेळले.

सर्वांत बोलका करार 1992 चा. काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यांनाच घेण्याची परंपरा यॉर्कशायरने पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. ती सोडल्यावर त्यांचा पहिला परदेशी खेळाडू ठरला 19 वर्षांचा सचिन तेंडुलकर. आधी ठरलेला क्रेग मॅकडरमॉट दुखापतीमुळे येऊ शकला नाही म्हणून ही संधी आली. सचिनने त्या मोसमात प्रथम श्रेणीत 1070 धावा केल्या, शतक मात्र एकच.

इंग्लंडमधली दोन मते

पहिले मत परदेशी खेळाडूंच्या विरोधात जाते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रिचर्ड्स, गार्नर, मार्शल, हॅडली, इम्रान असे खेळाडू काउंट्यांनी पोसले. इंग्लिश हवामान, इंग्लिश खेळपट्ट्या आणि इंग्लिश फलंदाजांच्या खोडी त्यांना तोंडपाठ झाल्या. 1984 मध्ये घरच्या मैदानावर आणि 1985-86 मध्ये कॅरिबियनमध्ये इंग्लंड वेस्ट इंडिजकडून 5-0 असे हरले, तेव्हा ‘प्रतिस्पर्ध्याला आपणच तयार केले’ हा सूर मोठा झाला. त्याला जोडून दुसरी तक्रार : संघातल्या मोक्याच्या जागा, म्हणजे नवा चेंडू आणि वरची फलंदाजी, परदेशी खेळाडूकडे जातात आणि तिथल्या तरुणांना कसोटीची तयारी मिळत नाही.

दुसरे मत याच्या उलट. सॉमरसेटने 1979 मध्ये आपल्या इतिहासातले पहिले करंडक जिंकले ते रिचर्ड्स आणि गार्नर यांच्या जोरावर, आणि त्याच ड्रेसिंग रूममध्ये इयान बोथम घडला. रोज नेटमध्ये जगातला उत्तम गोलंदाज खेळायला मिळणे ही शिकवणी पैशाने मिळत नाही. 1986 मध्ये सॉमरसेटने रिचर्ड्स आणि गार्नरचे करार न वाढवता न्यूझीलंडच्या मार्टिन क्रोला पसंती दिली, तेव्हा क्लब दुभंगला आणि बोथमही निघून गेला.

नियम या दोन मतांमध्ये हेलकावत राहिले. परदेशी खेळाडूंची मर्यादा कधी दोन झाली, कधी एक. 2003 मध्ये युरोपीय न्यायालयाने हँडबॉलपटू कोलपाक याच्या खटल्यात निकाल दिला. त्याचा आधार घेऊन विशेषतः दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू परदेशी न गणले जाता काउंटीत आले. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर 2020 अखेर ही पळवाट बंद झाली आणि 2021 पासून काउंटी चॅम्पियनशिपच्या संघात दोन परदेशी खेळवायला परवानगी मिळाली. म्हणजे मूळ प्रश्नावर इंग्लंडने आजवर तोडगाच काढला आहे, उत्तर दिलेले नाही.

वागणुकीचा एक मुद्दा या चर्चेत उशिरा आला. परदेशी खेळाडू मैदानावर हवा असतो, पण संघात तो आपला मानला जातो का? यॉर्कशायरमध्ये चेतेश्वर पुजाराला नाव उच्चारता येत नाही म्हणून ‘स्टीव्ह’ म्हटले जाई, हे तिथला माजी खेळाडू अझीम रफिकने वंशभेदाच्या तक्रारी मांडल्यानंतरच्या चौकशीत ठळकपणे पुढे आले. नियमांच्या चर्चेत हा भाग मोजला जात नाही, पण खेळाडूच्या अनुभवात तो असतोच.

भारतीय बाजू : शाळा की दमछाक?

आपल्याकडेही मते दोन. काउंटीला शाळा मानणाऱ्यांचे आवडते उदाहरण श्रीरामपूरचा झहीर खान. भारतीय संघातून बाहेर पडलेला झहीर 2006 चा मोसम वूस्टरशायरकडून खेळला आणि त्याने 78 बळी घेतले. इंग्लंडमधला ड्यूक चेंडू हाताने शिवलेला, उठावदार शिवणीचा असतो. तो जास्त वेळ स्विंग होतो. पण तो किती पुढे टाकायचा हे दोन सराव सामन्यांत कळत नाही, शेकडो षटके टाकावी लागतात. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजवर झहीरने डावखुऱ्या फलंदाजांना अराउंड द विकेट येऊन चेंडू आत-बाहेर नाचवला, सामन्यात नऊ बळी घेतले, आणि भारताने ती मालिका 1-0 अशी जिंकली.

त्याआधीचे उदाहरण 1971 चे. देशांतर्गत स्पर्धा न खेळल्यामुळे इंजिनिअर यांचा त्या वर्षीच्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी विचार झाला नव्हता. इंग्लंडमध्ये मात्र ते लँकेशायरचे सामने सांभाळून फक्त कसोट्यांपुरते संघात आले. ओव्हलवर अजित वाडेकर यांच्या संघाने मालिका जिंकली, तेव्हा इंजिनिअर यांच्या 59 आणि नाबाद 28 धावा मोलाच्या ठरल्या. 1952 मध्ये मंडळाला सुरुवातीला न जमलेली तडजोड तोवर जमू लागली होती.

दुसरे मत दमछाकीचे. आता भारतीय खेळाडूचे वर्षच भरगच्च आहे : रणजी, आयपीएल, भारत ‘अ’ संघाचे दौरे, आंतरराष्ट्रीय सामने. वेगवान गोलंदाजाने त्यात काउंटीची षटके घातली तर शरीर किती साथ देणार? पृथ्वी शॉने ऑगस्ट 2023 मध्ये नॉर्दम्प्टनशायरकडून सॉमरसेटविरुद्ध 153 चेंडूंत 244 धावा केल्या आणि त्यानंतर लगेचच गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा मोसम संपला. काउंटीचा लाभ आणि धोका एकाच महिन्यात दिसला.

पुरावा काय सांगतो?

इंग्लंडमध्ये खेळल्याने इंग्लंडमधली कामगिरी सुधारते, हे तर्काला पटते. आकडे मात्र एका सुरात बोलत नाहीत.

2018 मध्ये पुजारा यॉर्कशायरकडून खेळला आणि चाचपडला. विराट कोहलीचा सरेशी झालेला करार मानेच्या दुखापतीमुळे रद्द झाला. त्या उन्हाळ्यातल्या कसोटी मालिकेत काउंटी न खेळलेल्या कोहलीने 593 धावा केल्या. पण पुजारानेही साउदॅम्प्टनला नाबाद 132 धावांची खेळी केलीच.

2023 चे उदाहरण आणखी नेमके. पुजारा आदल्या वर्षी ससेक्सकडून आठ सामन्यांत 1094 धावा करून बसला होता, आणि त्या वसंतातही ससेक्सचे नेतृत्व करत होता. संगमनेर तालुक्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे त्याच वेळी आयपीएल खेळत होता. जूनमध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. पुजाराच्या धावा 14 आणि 27, रहाणेच्या 89 आणि 46.

एका सामन्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. तसा झहीरच्या एका मोसमावरूनही येत नाही. आणि रहाणेच्या गाठीला 2019 मधला हॅम्पशायरचा मोसम होताच; तिथे पदार्पणाच्या सामन्यातच त्याने शतक काढले होते. तेव्हा परिणाम मोजायचा तो पुढच्या महिन्यात की चार वर्षांनी? अभ्यासाची पद्धतच ठरलेली नाही. हाती दिसते ते एवढेच : गोलंदाजांच्या बाबतीत बदल अधिक स्पष्ट दिसतो, कारण ड्यूक चेंडूची सवय ही हाताची गोष्ट आहे, फलंदाजांच्या बाबतीत निष्कर्ष धूसर राहतो.

पैशाचा प्रवाह उलटला

2008 मध्ये आयपीएल सुरू झाली आणि या सगळ्या चर्चेखालची जमीन सरकली. हजारे-मंकड यांच्या पिढीला इंग्लंडचा करार कमाईसाठी हवा होता. आज आयपीएलमधल्या खेळाडूला काउंटीचा पगार हे आकर्षण नाही; तो जातो तयारीसाठी, संघातली जागा परत मिळवण्यासाठी किंवा लाल चेंडूचा सराव हवा म्हणून. नागपूरकडचा उमेश यादव मिडलसेक्स आणि एसेक्सकडून खेळला, रहाणे 2024 मध्ये लेस्टरशायरला गेला, ते याच हिशेबाने. करार झाला तरी तो पाळला जाईल याची खात्रीही सैल झाली. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने 2025 मध्ये यॉर्कशायरचा करार वैयक्तिक कारणाने, संघात दाखल होण्यापूर्वीच सोडला.

भारतीय मंडळ सक्रिय पुरुष खेळाडूंना परदेशी फ्रँचायझी लीग खेळू देत नाही. त्यामुळे इंग्लंडच्या ‘द हंड्रेड’ स्पर्धेत ते नाहीत. पण 2025 मध्ये त्याच स्पर्धेतल्या संघांची मालकी विकली गेली तेव्हा मुंबई इंडियन्स, लखनौ आणि हैदराबाद यांच्या मालकांनी तिथे हिस्से घेतले. खेळाडू घरी आणि भांडवल परदेशात, असे चित्र इंग्लिश क्रिकेटने आधी पाहिले नव्हते.

महिला क्रिकेटमध्ये हे बंधन नाही, आणि तिथेच जुन्या अर्थाचा ‘परदेशी प्रो’ अजून दिसतो. सांगलीची स्मृती मानधना 2018 मध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून किया सुपर लीग खेळली आणि 421 धावांसह स्पर्धेत अव्वल ठरली. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने 2021 मध्ये हंड्रेडमधल्या पदार्पणात 43 चेंडूंत नाबाद 92 धावा काढल्या. भारतात महिलांची मोठी फ्रँचायझी स्पर्धा 2023 मध्ये सुरू झाली. त्याआधी दडपणाखाली मोठ्या गर्दीसमोर खेळण्याचा सराव या मुलींना इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मिळाला.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा वेळापत्रकाचा. आयपीएल एप्रिल-मे खाऊन टाकते आणि ड्यूक चेंडू सर्वांत जास्त हलतो तो याच महिन्यांत. भारतीय खेळाडूला मिळतो तो नंतरचा, तुलनेने कोरडा उन्हाळा. मग ज्या शिक्षणासाठी जायचे ते निम्मेच हाती लागते.

दुसरा परवानगीचा. पुरुषांना लीग बंद आणि काउंटी खुली, महिलांना दोन्ही खुले, यामागे आयपीएलचे वेगळेपण जपण्याचा व्यापारी विचार आहे आणि तो मंडळाच्या दृष्टीने समजण्याजोगा आहे. मात्र ज्यांना आयपीएलचा करारच नाही, अशा रणजीपटूंनाही तोच नियम लावावा का, यावर एकमत नाही.

तिसरा तळातल्या खेळाडूचा. आढावे लिहिले जातात ते तेंडुलकर-झहीरचे. पण आजही इंग्लंडच्या क्लब क्रिकेटमध्ये उन्हाळाभर खेळून, मुलांना शिकवून परतणारा प्रथम श्रेणीचा खेळाडू हाच बोर्डे-फडकर यांच्या परंपरेचा खरा वारस आहे. व्हिसासाठी वरच्या पातळीवरच्या सामन्यांच्या अटी असल्याने ही वाट अरुंद आहे. महाराष्ट्र, विदर्भ किंवा मुंबईच्या संघटनांनी या खेळाडूंसाठी ठरवून काही व्यवस्था करावी की ते ज्याचे त्याने पाहावे, हा प्रश्न चर्चेत फारसा येतही नाही.

चौथा मोजमापाचा, तो वर आलाच आहे.

बाहेरचे किती घ्यावेत, हा इंग्लंडचा प्रश्न होता आणि आकडा एक की दोन एवढ्यापुरता तो अजूनही त्यांचाच आहे. आपल्यापुरता प्रश्न मात्र 1952 च्या जागी परत आला आहे. कोणी, कधी आणि कुठल्या अटीवर जावे हे मंडळ ठरवते, आणि प्रस्थापित खेळाडूला त्याची झळ बसत नाही, कारण त्याचे घर आता इंग्लंडच्या करारावर चालत नाही. ज्याचे चालू शकेल तो रणजीच्या काठावरचा खेळाडू. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत त्याला इथे सामनेही कमी आणि कमाईही कमी. या वादाचा पुढचा निवाडा त्याच्या फायद्या-तोट्यावर करावा लागेल.